अळणावरचा ओटा

तंबोऱ्याखेरीज दुसऱ्या एखाद्या लाकडी वस्तूविषयी मी कधी चार ओळी लिहीन, असे मला वाटले नव्हते. वीस-बावीस वर्षे मिरजेत मुलांना गाणे शिकवतो आहे. लिहिण्याचा प्रसंग आला तर तोही गाण्यासंबंधीच. परंतु गेली दोन वर्षे आमच्या घरात रागदारीपेक्षा ओट्याचीच चर्चा अधिक झाली. आता त्या ओट्याने दोन पावसाळे काढले आहेत, पहिला रडत आणि दुसरा हसत. तेव्हा त्याच्याविषयी लिहायला हरकत नाही. जुन्या घरांतून राहणाऱ्या आपल्यापैकी पुष्कळांवर हा प्रसंग आज ना उद्या येणारच आहे.

माझी सासुरवाडी अळणावरची. मिरजेहून हुबळीच्या गाडीत बसले की बेळगाव जाते, खानापूर जाते, लोंढ्याला गोव्याचा फाटा मागे पडतो आणि नागरगाळीचे जंगल ओलांडून गाडी अळणावरला येते. पुढचे मोठे ठाणे धारवाड. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ मिरजेचे रहिवासी आणि त्यांचे शिष्य सवाई गंधर्व कुंदगोळचे. तेव्हा या रुळांवरून किती तंबोरे गवसण्या घालून गेले-आले असतील याचा हिशेब नाही. परंतु अळणावरला खरी ओळख दिली ती लाकडाने. विसाव्या शतकाच्या आरंभी येथून दांडेलीकडे रेल्वेचा फाटा काढला तो जंगलातला साग बाहेर आणण्यासाठी. या फाट्यावरची प्रवासी गाडी मधली बरीच वर्षे बंद पडली होती. 2019 साली ती अंबेवाडीपर्यंत पुन्हा सोडण्यात आली, तेव्हा सासूबाई मुद्दाम स्टेशनावर जाऊन पाहून आल्या होत्या. सासरे रेल्वेच्या मालधक्क्यावर नोकरीला होते. त्यांच्या वडिलांनी घर बांधले तेव्हा माळ्यावर सव्वा इंच जाडीच्या सागाच्या फळ्या अंथरल्या होत्या. पुढे सत्तर वर्षे त्या फळ्या आकाशकंदील आणि फुटक्या बरण्या यांखेरीज कशाच्याही उपयोगी पडल्या नव्हत्या.

सासरे वारल्यानंतर सासूबाई त्या घरात एकट्याच राहत होत्या. वय अठ्ठ्याहत्तर. स्वयंपाकघर जुन्या पद्धतीचे, म्हणजे चुलीचा कट्टा जमिनीपासून वीतभर उंच. चूल गेली आणि गॅस आला, पण शेगडी त्याच कट्ट्यावर ठेवली गेली, आणि सासूबाई पाटावर बसून रांधत राहिल्या. एके दिवशी संध्याकाळी गुडघ्यांनी उठू दिले नाही. शेजारची मुलगी ताकाला विरजण मागायला आली तोवर दीड तास त्या तशाच बसून होत्या. शेगडी तेवढी हात लांबवून विझवली होती.

ही बातमी पुण्याला गेली आणि मेहुण्यांनी निर्णय घेतला: आईने पुण्याला यायचे, अळणावरचे घर बंद करायचे. यात त्यांचे काही चुकले असे मी म्हणणार नाही. आईच्या काळजीने मुलगा दुसरे काय करणार? परंतु सासूबाईंनी आमच्या सौ.जवळ जे बोलून दाखवले ते मला विसरता येईना. त्या म्हणाल्या, "मला उभं राहून स्वयंपाक येत नाही असं नाही की गं. या घरात उभं राहायला जागा नाही, एवढंच."

मी मेहुण्यांकडे तीन महिन्यांची मुदत मागितली.

प्रथम रीतीप्रमाणे तयार स्वयंपाकघरे बसवून देणाऱ्या एका दुकानाला विचारले. त्यांचा तरुण आला, फीत घेऊन भिंती मोजल्या, आणि संगणकावर एक सुरेख चित्र करून दाखवले. आकडा दीड लाखाच्या वर. ते एक वेळ सोडून देऊ. मी ओट्याची उंची विचारली. तो म्हणाला, चौतीस इंच, सगळीकडे हीच असते. घरात सासऱ्यांचे लिहिण्याचे एक उंच टेबल होते. त्याखाली विटा घालून मी ते चौतीस इंच केले आणि सासूबाईंना पोळी लाटल्यासारखे करून दाखवायला सांगितले. त्यांची उंची जेमतेम चार फूट नऊ इंच. कोपरे बगळ्याच्या पंखांसारखी वर आली. "जावईबापू," त्या म्हणाल्या, "अशा पोळ्या लाटायच्या तर मला पाटावर उभं राहावं लागेल."

त्या तरुणाने सगळ्या भिंती मोजल्या होत्या. बाईंना मात्र मोजले नव्हते.

या बाबतीत आपण त्याला हसण्याचेही कारण नाही, कारण मोठमोठ्यांची हीच चूक झालेली आहे. आजच्या सगळ्या बांधीव स्वयंपाकघरांची पणजी म्हणजे 1926 सालचे फ्रँकफुर्टचे स्वयंपाकघर. मार्गारेटे श्युटे-लिहोत्स्की नावाच्या वास्तुविशारद बाईंनी ते आखले: सुमारे 1.9 मीटर रुंद, 3.4 मीटर लांब, आणि स्वयंपाकिणीचे एकही पाऊल फुकट जाऊ नये असा हिशेब. त्या शहरात अशी दहा हजारांच्या आसपास बसवली गेली. विचार थोर होता यात शंका नाही. कामगारांच्या बायकांचे कष्ट त्याने खरोखर वाचले. पण माप एकच, आणि ते भिंतीत पक्के केलेले. पुढे या बाईंनी स्वतःच सांगितले की, ते आखण्यापूर्वी आपण कधी घर चालवले नव्हते आणि स्वयंपाकही केला नव्हता. आपल्या आज्यांना असे कोणी आखून दिले नव्हते. पाट, विळी, पाटा-वरवंटा, जाते, सारे जमिनीवर. आणि जमीन सगळ्यांच्या मापाची असते. जोवर मांडी घालता येते तोवर तिच्याइतका चांगला ओटा नाही. मुंबईत 1955 च्या सुमारास सिलिंडरचा गॅस विकला जाऊ लागला, तो हळूहळू सगळीकडे पसरला आणि त्याच्याबरोबर उभ्याचा ओटाही आला. पण उभे राहिल्यावर प्रत्येक बाईची उंची वेगळी, हे मात्र कुणी ध्यानात घेतले नाही.

आता मी हे काम स्वतः अंगावर का घेतले, ते सांगतो. वडील मिरज संस्थानच्या दरबारात सतार वाजवीत. 1948 साली संस्थान विलीन झाले तेव्हा ते बाविशीत होते. मी त्यांच्या उतारवयातला मुलगा. दरबार मी पाहिला नाही, पण दरबाराने मागे ठेवलेली सतारमेकर गल्ली पाहिली. शिकलगार घराण्यातली माणसे तलवारी-भाल्यांना धार लावायचे सोडून एकोणिसाव्या शतकात सतार-तंबोरे करू लागली, ही गोष्ट आपणां मिरजकरांना नव्याने सांगायला नको. 2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. वडील मला वाद्य दुरुस्तीला घेऊन जात आणि कारागिराच्या शेजारी तासन्‌तास बसवून ठेवीत. पुढे मीही रंधा मारायला, पटाशी धरायला, सरस लावायला शिकलो. कारागीर म्हणण्याइतका नव्हे. पण लाकूड ही जिवंत वस्तू आहे एवढे हाताला कळले. तुनीच्या लाकडाची दांडी आषाढात एक बोलते आणि वैशाखात दुसरेच. पावसाळ्यात खुंट्या फुगून हलेनाशा होतात. हे सारे मला ठाऊक होते. तरीही मी पुढे जी चूक केली ती केलीच.

प्रथम मापे. चप्पल घालून स्वयंपाक करण्याची सवय असेल तर चपलेसकट, नसेल तर अनवाणी, बाईंना ताठ उभे करावे आणि कोपरात हात वाकवून जमिनीपासून कोपरापर्यंतची उंची घ्यावी. सासूबाईंची आली छत्तीस इंच. चिरणे, लाटणे, मळणे ही कामे कोपराच्या चार-पाच इंच खाली सोयीची होतात. म्हणजे ओटा एकतीस इंच. पण शेगडीची उंची स्वतःचीच चार-पाच इंच असते आणि तिच्यावर पातेले चढते; तेव्हा शेगडीखालचा ओटा आणखी चार इंच खाली, सत्तावीस. उलट भांडी घासण्याच्या कुंडीत हात तळापर्यंत जातो, म्हणून तिचा काठ कामाच्या ओट्याहून दोन इंच वर, तेहेतीस. सौ. म्हणाली, "म्हणजे तुमचं मंद्र, मध्य आणि तार झालं." एका सलग चकचकीत ओट्याची हौस ज्यांना आहे त्यांना हे पायऱ्या-पायऱ्यांचे रूप आवडणार नाही. त्यांनी एक दिवस एकतीस इंचांवर पोळ्या लाटून आणि मग त्याच उंचीवर शेगडी ठेवून मोठ्या पातेल्यात डाव फिरवून पाहावा. खांदे काय सांगतात ते ऐकावे.

यानंतर मी त्यांना भिंतीला पाठ लावून उभे केले, हात सहज वर करायला सांगितले आणि बोटे पोचतील तिथे कोळशाने रेघ ओढली. दुसरी रेघ गुडघ्यापाशी. रोजचे डबे, मिसळणाचा डबा, तूप, चहा-साखर, सारे या दोन रेघांच्या आत. वरची फळी दिवाळीच्या भांड्यांना. त्यांनी कोळशाची रेघ बघून विचारले, "आणि पुढच्या वर्षी हात एवढा वर गेला नाही तर?" मी काही बोललो नाही, रेघ तीन बोटे खाली घेतली.

शेगडीचा भाग लाकडाचा करायचाच नव्हता. जुना चुलीचा कट्टा होता तिथेच गवंड्याने एका दिवसात विटा चढवून वर कडप्पा टाकून दिला. कडप्पा हा चुनखडीच्या जातीचा दगड. चिंच-लिंबाचा रस त्याच्यावर सांडून राहिला की डाग पडतो. ग्रॅनाइटला तसे होत नाही. तथापि सासूबाईंना कडप्पाच हवा होता, आणि चिंचेचे डाग पडायचेच असतील तर ते त्यांचे स्वतःचे पडू देत. गॅसचे सिलिंडर खाली, उभेच, शेगडीहून खालच्या पातळीवर. येथे एक गोष्ट पुष्कळ सुतार विसरतात. हा गॅस हवेहून जड असतो, गळला तर खाली साचतो. सिलिंडरला कपाटाचे दार लावायची हौस असेल तर त्या कपाटाला तळाशी हवा जायला मोकळी जागा हवीच. मी दारच लावले नाही, सौ.ने पडदा शिवला आणि तो जमिनीपासून वीतभर वर ठेवला.

आता लाकूड. बाजारातल्या बहुतेक स्वस्त तयार कपाटांचे अंग म्हणजे भुसा आणि चिकट यांची दाबून केलेली फळी. कापलेल्या कडेतून एकदा पाणी शिरले की ती पावासारखी फुगते, आणि फुगलेली पुन्हा बसत नाही. 2019 च्या ऑगस्टात कृष्णेचा पूर ओसरल्यावर माझ्या एका विद्यार्थ्याच्या सांगलीच्या घरी मी गेलो होतो. दारापुढे त्यांच्या नव्या स्वयंपाकघराचा चिखलात भिजलेला ढीग पडला होता, आणि आत आजीचे सागाचे फडताळ धुऊन वाळत उभे होते. ज्यांना प्लायवूडच वापरायचे आहे त्यांनी मोरीजवळच्या भागाला तरी आय.एस. 710 असा शिक्का असलेले मरीन प्लाय घ्यावे आणि प्रत्येक कापलेली कड बंद करावी. आम्हांला विकत घ्यायची गरजच नव्हती. डोक्यावर माळा होता.

फळ्या खाली उतरवल्या तेव्हा त्या काळ्याठिक्कर होत्या. रंधा मारण्याआधी प्रत्येक फळीवरून लोहचुंबक फिरवावे. जुन्या लाकडात मोडके खिळे दडलेले असतात आणि एक खिळा रंध्याच्या पात्याचे दात पाडतो. माझे एक पाते असेच गेले. पण पहिल्या चार हातांनंतर काळेपणा सोलून निघाला आणि खालून मधासारखा रंग वर आला. वास तर असा सुटला की सासूबाई माजघरातून उठून आल्या. सत्तर वर्षांनंतरही सागाचा वास जात नाही. "मामंजी या फळ्या निवडायला स्वतः गेले होते म्हणे," त्या म्हणाल्या, आणि भुशात हात घालून थोडा वेळ उभ्या राहिल्या.

जुन्या घरात काम करताना जमिनीवर आणि भिंतीवर विश्वास ठेवू नये. जमीन मोरीकडे उतरती असते आणि भिंतींचा कोपरा काटकोनात नसतो. पारदर्शक नळीत पाणी भरून पाणसळ करावी, भिंतीवर सभोवार एक समपातळीची रेघ मारावी आणि सगळी मापे त्या रेघेपासून खाली घ्यावीत, जमिनीपासून वर नव्हे. कोपरा तपासायला दोरी पुरते: एका भिंतीवर तीन फूट, दुसरीवर चार, आणि तिरके अंतर बरोबर पाच आले तर कोपरा काटकोनात. आमचे सव्वापाच आले. मातीच्या भिंतीत स्क्रू धरत नाहीत, म्हणून कपाटे टांगण्याचा विचार सोडून ती पायांवर उभी केली आणि प्रत्येक पायाखाली दोन बोटे जाडीचा दगड दिला. जमीन धुतली की पाणी प्रथम पायांतूनच वर चढते आणि वाळवीचीही वाट तीच. साग वाळवीला सहसा दाद देत नाही, पण आमचे पाय सागाचे नव्हते.

कामाच्या ओट्यासाठी तीन फळ्या कडेला कड जोडून बावीस इंच रुंदीचे पान केले. जोड बसला तो असा की नख फिरवून शिवण सापडेना. मी खूष झालो. पान भिंतीला अगदी भिडवून बसवले आणि मागून-पुढून आठ स्क्रूंनी खालच्या चौकटीला आवळून टाकले. एप्रिल महिना होता. मेहुणे पाहायला आले, त्यांनी ओट्यावर हात फिरवला, "छान झालंय" म्हणाले, आणि आणखी एक पावसाळा आई इथे काढू दे, मग बघू, असे ठरवून गेले.

जुलैत फोन आला. धारवाडपेक्षा अळणावरला पाऊस जास्त, जंगल जवळ. सासूबाई म्हणाल्या, "जावईबापू, ओटा पोटुशी राहिलाय."

मी शनिवारी गाडी धरून गेलो. पान मधोमध अर्धा इंच वर उचलले गेले होते. त्याच्यावर लाटणे ठेवले की ते आपण होऊन भिंतीकडे घरंगळत जाई. कपाटाचे एक दार उघडेना. सासूबाई हसत होत्या, पण मला हसू येईना. कारण या गोष्टीची खबर पुण्याला गेली की काय होईल हे मला दिसत होते. रात्री तिथेच पाटावर बसून तो ओटा पाहत राहिलो आणि वडिलांची आठवण आली. खुंटी पावसात अडकली तर ते ती कधी पिळत नसत. म्हणत, तिला जागा नाही म्हणून ती रुसली आहे.

लाकूड लांबीत जवळजवळ वाढत नाही. ते रुंदीत वाढते. साग हा त्यातल्या त्यात शहाणा, तरी फूटभर रुंदीची सागाची फळी कोरड्या चैत्रापासून ओल्या श्रावणापर्यंत एखादे सूत सहज रुंदावते. माझे पान बावीस इंचांचे. त्याला दोन सूत जागा हवी होती. मी त्याला मागे भिंत आणि पुढे स्क्रू यांमध्ये कोंडले होते. मग ते बिचारे वरच्या बाजूला गेले. तंबोऱ्याच्या गोष्टी शिष्यांना वीस वर्षे सांगणाऱ्या माणसाला ही एवढी गोष्ट ओट्याच्या वेळी सुचू नये!

दुसऱ्या दिवशी स्क्रू काढले. अळणावरात एक वृद्ध मिस्त्री आहेत, त्यांना बोलावून आणले. त्यांनी ओटा पाहिला, मला पाहिले, आणि कन्नड-मराठीत मिळून विचारले की, हे कोणी केले. मी म्हणालो, मी. ते म्हणाले, "सांधा बेस आहे. बसवणारा दुसरा होता काय?" मग त्यांनी मला घरातल्याच जुन्या दारापाशी नेले. चौकटीच्या खाचेत मधले पॅनेल नुसते बसवलेले होते, ना सरस ना खिळा. बोटाने दाबले की किंचित हलत होते. पावसात ते खाचेच्या आतल्या आत फुगते, उन्हात आक्रसते, आणि चौकट होती तशी राहते. रोज त्या दारातून मी जात-येत होतो.

पान ओले होते तोवर त्याला हात लावू नये, वाळू द्यावे, असे मिस्त्रींनी सांगितले. दसऱ्याच्या सुट्टीत पुन्हा गेलो तेव्हा ते पुष्कळसे आपोआप खाली बसले होते; उरलेले रंध्याने काढले. या खेपेस पुढची कड तेवढी गोल भोकांतून पक्की केली. मागच्या बाजूला खालच्या पट्टीत लांबट भोके पाडली, फळीच्या रुंदीच्या दिशेने लांब, आणि स्क्रू वायसर घालून बेताने आवळले, म्हणजे लाकूड सरकले की स्क्रू त्या फटीत सरकतो. भिंतीपाशी तीन सूत अंतर सोडले आणि त्यावर भिंतीला एक पातळ पट्टी लावली, म्हणजे फट दिसत नाही आणि कणीकही आत जात नाही. कपाटाची दारे मोडून जुन्या दाराच्या रीतीने केली: चौकटीचे सांधे खाच आणि कुसूचे, फेव्हिकॉल लावून घट्ट, मधले पॅनेल सुटे. अडकणाऱ्या खणांच्या लाकडी पट्ट्यांवर मेणबत्ती घासली. ओट्याच्या पानाला वार्निश नाही. जवसाचे तेल तीन वेळा, दर वेळी चोळून पुसून, मध्ये दोन दिवस वाळवून. तेलाची फडकी मात्र चुरगळून कोपऱ्यात टाकू नयेत. आपल्याच उष्णतेने ती पेट घेऊ शकतात. दोरीवर मोकळी पसरून वाळवावीत.

फळ्यांविषयी एकच सांगतो, कारण तेही मला सतारीने शिकवले. तारेची लांबी दुप्पट केली की स्वर एक सप्तक खाली उतरतो. फळी याहून निष्ठुर आहे. तेवढ्याच वजनाला आधारांमधले अंतर दुप्पट केले तर तिचा वाक आठपट होतो. आणि जाडी दुप्पट केली तर आठव्या हिश्श्यावर येतो. म्हणून डब्यांची फळी पाच फूट लांब हवी असेल तर मधे एक उभी पट्टी घालावी, आणि तिची शोभा कमी झाली म्हणून हळहळू नये.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो विळीपाशी. सासूबाई सुरीने चिरायला तयार नव्हत्या. साठ वर्षांचा हात. सुरी धरली की भेंडीचे तुकडे लहानमोठे होत आणि त्या स्वतःवरच चिडत. विळी म्हणजे जमिनीवर बसून पायाने पाट दाबून धरायची वस्तू. ती उभ्याच्या ओट्यावर कशी यावी? शेवटी कामाच्या ओट्याखाली पंचवीस इंचांवर एक सरकफळी केली, बाहेर ओढली की बसणारी, खाली दोन आडव्या पट्ट्यांवर टेकणारी. तिच्यात विळीच्या पाटाच्या आकाराची खाच कोरली, पाट त्यात बसवून मागून लाकडी पाचर मारली की विळी हलत नाही. समोर सतरा इंचांचे स्टूल. काम झाले की पाचर काढायची, पाते मिटून विळी आत, फळी आत. पाचर मारल्याशिवाय विळीला हात लावायचा नाही, असे मी तीनदा बजावले. चौथ्यांदा सांगू लागलो तेव्हा त्यांनी माझ्याकडे असे पाहिले की मी गप्प बसलो.

गेल्या दिवाळीला मेहुणे, त्यांची मुले, आम्ही, सगळे अळणावरला होतो. सासूबाई स्टुलावर बसून विळीवर नारळ खवत होत्या, सून सत्तावीस इंचांवर वाकून करंज्या तळत होती. ती चांगली पाच फूट पाच इंच उंच. "पाठ धरली माझी," ती म्हणाली. सासूबाई म्हणाल्या, "हे माझ्या मापाचं आहे बाई. तुझं तू पुण्याला करून घे."

मेहुण्यांनी घर बंद करण्याचा विषय काढला नाही. जाताना मात्र त्यांनी मला बाजूला घेऊन त्यांच्या पुण्याच्या ओट्याची उंची सांगितली आणि बायकोच्या कोपराचे माप कसे घ्यायचे ते कागदावर लिहून मागितले. मी लिहून दिले. माळ्यावर अजून चार फळ्या उरल्या आहेत. पण राज्याबाहेर लाकूड न्यायचे तर वनखात्याचा परवाना लागतो, आणि सासूबाईंना त्या चार फळ्यांवर आकाशकंदील ठेवायचे आहेत.